वॉशिंग्टन ५४३: पावणेदोन किलोमीटरचा राज्य महामार्ग

मैलाचा_दगड

मंडळी, रस्त्यांवर धागे काढणारा म्हणून माझी इथे पुरेशी बदनामी झालेली आहे. कशेडी घाटाच्या धाग्यावर तर मला 'एकदाचा पीडब्ल्यूडीत लाग' असा सल्लाही मिळाला होता. यावेळी त्रास कमी आहे. रस्ता आहेच मुळी १.०९ मैलांचा, म्हणजे पावणेदोन किलोमीटर. गावी दूध आणायला मी याहून लांब जायचो.

वॉशिंग्टन राज्याचा राज्य महामार्ग क्र. ५४३. सिॲटलहून आय-५ (इंटरस्टेट ५) या महामार्गाने उत्तरेला निघालं की ब्लेन हे अमेरिकेचं शेवटचं गाव. तिथे २७५ नंबरच्या एक्झिटला आय-५ मधून हा फुटतो, गावातल्या एच स्ट्रीटला छेदतो आणि कॅनडाच्या नाक्यावर जाऊन संपतो. संपतो म्हणजे फक्त नंबर संपतो. पलीकडे तोच रस्ता ब्रिटिश कोलंबियाचा हायवे १५ होऊन सरे शहरात शिरतो.

आता गंमत बघा. आय-५ मेक्सिकोच्या सीमेवर सुरू होतो आणि १,३८१ मैल चालून याच ब्लेनमध्ये पीस आर्चच्या नाक्यावर संपतो. सॅन दिएगो, लॉस एंजेलिस, पोर्टलंड, सिॲटल, सगळं पोटात घेऊन. पण एवढा पल्ला मारून आलेल्या ट्रकला शेवटच्या दीड-दोन मैलांवर सांगतात, बाबा रे, तू इथून नको. पीस आर्चला मालवाहू गाड्यांना प्रवेशच नाही. तिथे हिरवळ, फुलांचे वाफे आणि मधोमध ६७ फुटांची पांढरी कमान. ट्रकांनी गुमान ५४३ धरायचा. इथले लोक त्या नाक्याला पॅसिफिक हायवे क्रॉसिंग हे खरं नाव क्वचितच घेतात, 'ट्रक क्रॉसिंग' म्हणतात.

आजोळच्या वाड्याला पुढे दिंडी दरवाजा होता आणि मागे परसदार. पाहुणे, वरात, गणपती पुढून. भाजीवाली, मोळीवाला, शेणाच्या गोवऱ्या, आजारी गुरांचा डॉक्टर, सगळं मागून. फोटो कायम दिंडी दरवाज्याचे. ५४३ हे अमेरिकेच्या या कोपऱ्याचं परसदार आहे, आणि माझं म्हणणं एवढंच की घर त्याच्यावर चालतं.

मागच्या महिन्यात पीस आर्चला दीड तास दाखवत होते म्हणून ट्रक क्रॉसिंगला वळलो. गाड्यांची आणि ट्रकांची रांग वेगळी, पण शेजारीशेजारी. माझ्या खिडकीच्या बरोबर उंचीला एका ट्रकचं चाक. वरच्या खिडकीत ड्रायव्हर स्टीलचा डबा उघडून पराठा खात होता. लोणच्याचा वास खालपर्यंत आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे, आणि दोघांनीही मान हलवली. मागे बायको म्हणाली, 'ओळखीचे आहेत का?'

कुणाचा या रस्त्याशी संबंध आलाय का? किस्से येऊ द्या.

पेठेतला

एक मैलाच्या रस्त्यावर धागा! लक्ष्मी रोडला पार्किंग शोधताना आम्ही रोज एवढा महामार्ग पालथा घालतो, पण कधी नंबर मागितला नाही. बाकी, एवढ्याशा रस्त्याला ५४३ हा भला मोठा आकडा कशाला? आधीचे ५४२ कुठे आहेत?

मैलाचा_दगड

@पेठेतला, खवचटपणे का होईना, बरोबर प्रश्न विचारलात. आधीचे ५४२ नाहीत, पण ५४२ नंबरचा रस्ता आहे, बेलिंगहॅमहून माउंट बेकरला जातो.

वॉशिंग्टनने १९६४ साली राज्यातल्या रस्त्यांचे नंबर नव्याने लावले. पद्धत आपल्या भाऊबंदकीसारखी आहे. मोठा रस्ता ५, म्हणून त्याच्या फांद्यांना सगळे पाचशेचे आकडे. दक्षिणेकडून उत्तरेकडे साधारण चढत जातात. सिॲटलकर रोज ज्या ५२० च्या पुलावर टोल भरतात तो ह्याचा सख्खा चुलत भाऊ. विमानतळाजवळचा ५१८, बॉथेलकडचा ५२२, सगळं एकच खानदान. ५४३ अगदी वरच्या टोकाला आहे म्हणून आकडा मोठा.

आणि राज्य महामार्ग कशाला, तर ब्लेन काही हजार वस्तीचं गाव. दोन देशांमधल्या ट्रकांचं ओझं झेलणारा रस्ता सांभाळणं त्या नगरपालिकेच्या खिशाला झेपणार आहे का? २००० नंतरच्या दशकात राज्याने तो रुंद केला, नाहीतर ट्रकांची रांग गावात घुसायची.

चिंचगुळाची_आमटी

माझा संबंध आलाय आणि तो कढीपत्त्यामुळे आलाय. 😄

सरेत मैत्रिणीकडे गेलो होतो. तिच्या घरात खिडकीपाशी कढीपत्त्याचं कुंडीतलं झाड, चांगलं कमरेएवढं. निघताना तिनं दोन मोठ्या जुड्या ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या. बॉथेलला मिळतो तो कढीपत्ता म्हणजे कागद, वास म्हणून नाही. मी आनंदाने पर्समध्ये ठेवल्या.

ट्रक क्रॉसिंगला ऑफिसरनं विचारलं, फळं, भाज्या, मांस? नवरा सवयीने 'नो' म्हणायला लागला, तेवढ्यात मागून आमचा सात वर्षांचा बोलला, 'आई, ती पानं?' मग मी सांगितलं, आहे, कढीपत्ता आहे. त्या माणसाला कढीपत्ता हा शब्द माहीत होता! 'करी लीफ' म्हटल्यावर त्यानं मान डोलावली आणि आत पाठवलं. आतल्या बाईनं हातमोजे घालून जुड्या उचलल्या, पानं उलटीपालटी करून पाहिली आणि समजावलं. कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्या कुळातला. त्याच्यावर एक बारीक किडा येतो, तो संत्र्यांच्या बागा मारणारा रोग पसरवतो. म्हणून ताजी पानं अजिबात नेता येत नाहीत. आपण सांगून टाकलं की फक्त काढून घेतात, लपवलं तर दंड.

इतकी वर्षं फोडणीत घालतेय, पण तो लिंबाचा नातेवाईक आहे हे मला अमेरिकेच्या कस्टमने शिकवलं. फडकं मात्र परत दिलं हो.

नागपुरी_तडका

बाप्पा! म्हणजे आमची संत्री वाचवायसाठी तुमचा कढीपत्ता गेला. आमच्याकडून आभार घ्या काकू. 🙏

पण मले सांगा, हापूसचं कसं? सरेत म्हणे मे महिन्यात पेट्यांच्या पेट्या असतात आन् भावही बरा असते. तिकडून डझनभर उचलून आणले तर?

चिंचगुळाची_आमटी

काकू कोणाला म्हणालास रे? ताई म्हण.

हापूसही नाही आणता येत. अमेरिकेने भारतीय आंब्याला २००७ साली दार उघडलं ते विकिरणाच्या अटीवर. आंबा लासलगावला नाहीतर वाशीला यंत्रातून काढतात, मग विमानात बसतो. कॅनडाची तशी अट नाही, म्हणून तिकडे आंबा सरळ येतो. म्हणजे सरेतल्या दुकानातली पेटी कॅनडाच्या दृष्टीने शुद्ध आणि दीड मैल दक्षिणेला सोवळं मोडलेली! कॅनडात *पिकलेली* फळं-भाज्या बऱ्याचशा चालतात, त्यावर तसं लेबल लागतं. कॅनडात *विकत घेतलेली* आणि कॅनडात पिकलेली यात फरक आहे. हापूस कॅनडात कुठे पिकतोय?

आम्ही मे महिन्यात जातो तेव्हा तिकडच्या बागेत बसून पोट फुटेस्तोवर खाऊन येतो. पोटातल्याची तपासणी नाही.

ठाणेकर_मूळचा

दगडराव, तुमच्या रांगेचं वाचून मुलुंड चेकनाका आठवला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. त्याआधी रात्री तिथे ट्रकांची जी लाईन लागायची! आम्ही मुलं बाबांबरोबर स्कूटरवरून जाताना ट्रकांमागची वाक्यं मोठ्याने वाचत जायचो. चुलत काका ट्रान्सपोर्टमध्ये होते. ते म्हणायचे, 'मुंबई समुद्राच्या काठावर नाही, नाक्याच्या काठावर वसलेली आहे.' तुमच्या परसदाराला +१.

सरेकर

या धाग्यावर लिहायचा अधिकार माझ्याइतका कुणाचा नसेल. आयडीच बघा. मी मूळचा इचलकरंजीचा, गेली नऊ वर्षं सरेत ट्रक कंपनीत डिस्पॅचला आहे. तुमच्या ५४३ वर माझ्या गाड्या रोज जातात, मी स्वतः वर्षातून चारदा.

दगडभाऊंनी बघितलेला पराठेवाला आमच्याच यार्डातला असू शकतो. यार्डात निम्म्याहून जास्त पंजाबी. मी आता स्वप्नंही पंजाबीत बघतो, शिव्या मात्र इचलकरंजीच्याच.

लोकांना वाटतं ट्रक नाक्यावर पोचला की कागद दाखवायचे. तसं नाही. ट्रक यार्डातून हलायच्या आधीच निम्मं काम झालेलं असतं. अमेरिकेत शिरणाऱ्या प्रत्येक गाडीचा मॅनिफेस्ट, म्हणजे कुठली गाडी, कोण ड्रायव्हर, काय माल, कुणाचा, हे सगळं नाक्यावर पोचायच्या किमान १ तास आधी त्यांच्या कॉम्प्युटरला गेलं पाहिजे. प्रत्येक लोडला एक बारकोड स्टिकर. दक्षिणेला जाताना त्याला आम्ही 'पॅप्स' म्हणतो, कॅनडात येताना 'पार्स'. तो नंबर ब्रोकरकडे, म्हणजे कस्टमचे कागद करणाऱ्या दलालाकडे जातो, ब्रोकर मालाची एंट्री करतो. ट्रक खिडकीपाशी गेल्यावर ऑफिसरच्या पडद्यावर या दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. जुळल्या तर दोन मिनिटं. नाही जुळल्या तर 'सेकंडरी', म्हणजे बाजूला घेऊन पुन्हा तपासणी.

एकदा काय झालं, पॅप्सच्या नंबरातला एक आकडा ब्रोकरच्या ऑफिसात चुकीचा टाइप झाला. ६ चा ५. माल काय, तर ढोबळी मिरची. इकडे ग्रीनहाऊसमध्ये पिकते, लाल-पिवळी, दिसायला दागिन्यासारखी. रीफर गाडी, म्हणजे फ्रीज चालू, डिझेल जळतंय. रात्री साडेअकराला ड्रायव्हरचा फोन, 'पाजी, एंट्री नहीं दिख रही.' ब्रोकरचा रात्रपाळीचा माणूस फोन उचलेना. पहाटे साडेतीनला उचलला. चार तास एका पाचासाठी! गिऱ्हाइकाची सकाळची वेळ हुकली ती हुकलीच.

अजून एक, जे बाहेर कुणाला माहीत नसतं. ट्रक चालवायचे तास दोन्ही देशांत वेगळे आहेत. कॅनडात दिवसाला १३ तास चालवता येतं, अमेरिकेत ११. ट्रकमधलं इलेक्ट्रॉनिक लॉगबुक सीमा ओलांडली की नियम बदलतं. कॅनडात दहा तास चालवून ड्रायव्हर नाक्यावर आला, की इकडे त्याच्याकडे तीन तास शिल्लक असतात आणि तुमच्या ५४३ वर आल्याबरोबर एकच. म्हणून लांबून येणाऱ्या गाडीला मी आधी यार्डात झोपायला लावतो.

आणि ड्रायव्हरचं विसाचं लफडं वेगळंच. कॅनडाचा पीआर (कायमचा रहिवासी) आहे पण पासपोर्ट भारताचा, तर त्याला अमेरिकेचा बी-१ विसा लागतो. त्या विसावर कॅनडातला माल अमेरिकेत सोडायचा, तिकडचा माल भरून कॅनडात आणायचा. पण सिॲटलला भरून पोर्टलंडला उतरवायचा नाही. तसं केलं तर विसा जातो, मग ड्रायव्हर माझ्यासाठी अर्धाच उरतो.

उत्तरेला काय जातं विचाराल, तर हिवाळ्यात व्हँकूवरमध्ये तुम्ही जे लेट्यूस आणि स्ट्रॉबेरी खाता ते कॅलिफोर्नियाहून याच पावणेदोन किलोमीटरवरून जातं. दक्षिणेला लाकूड, ब्लूबेरी, मिरच्या.

पेठेतला

@सरेकर, दंडवत घ्या. माझा खवचट प्रतिसाद मागे घेतो. (धाग्याचा काश्मीर, म्हणजे भांडण, व्हायच्या आधीच एवढी माहिती आल्याचं हे पहिलंच उदाहरण. वाचनखूण साठवली.)

आजोबा_७२

नमस्कार. मी पुण्यात असतो, मुलगा रेडमंडला. २०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता त्याच्याकडे होतो. कॅनडाचा विसा काढलेला नव्हता. सूनबाईंनी युक्ती सांगितली. पीस आर्चचं उद्यान दोन्ही देशांत मिळून आहे, आत फिरायला विसा लागत नाही, ज्या बाजूने आलात त्याच बाजूने परत गेलात की झालं. तेव्हा आम्ही अर्धा तास कॅनडात होतो. बायकोनं कॅनडाच्या हिरवळीवर बसून चिवडा खाल्ला. पासपोर्टवर शिक्का नाही म्हणून माझी मित्रमंडळी मानत नाहीत.

कमानीवर अमेरिकेच्या बाजूला 'एकाच आईची लेकरं' अशा अर्थाची ओळ आहे, कॅनडाच्या बाजूला 'एकोप्याने राहणारे भाऊ' अशी. आत लोखंडी दारं बसवलेली आहेत आणि वर लिहिलंय की ही दारं कधी बंद न होवोत. १९२१ ची कमान. सॅम हिल नावाच्या गृहस्थांनी पुढाकार घेतला. हे गृहस्थ चांगल्या रस्त्यांचे वेडे होते, पॅसिफिक हायवे व्हावा म्हणून त्यांनी जन्मभर खटपट केली. आपल्या मैलाचा_दगड यांचे पूर्वजच म्हणायचे.

तुमचा ५४३ तेव्हा पाहिला नाही याची आता रुखरुख वाटते.

इतिहासवेल्हाळ

आजोबा, त्या कमानीत आणखी एक मजकूर आहे: '१८१४, शंभर वर्षं खुली, १९१४.' १८१४ म्हणजे घेंटचा तह, अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातलं युद्ध संपलं ते वर्ष. कमान त्या शंभरीची आठवण.

आता १९१४ हे वर्ष आपल्या बाजूने बघा. त्या मे महिन्यात कोमागाटा मारू ३७६ प्रवासी घेऊन व्हँकूवरच्या बंदरात उभी होती. बहुतेक शीख, सगळे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन. दोन महिने पाण्यात ठेवून जुलैत जहाज परत पाठवलं. शंभर वर्षं खुल्या दारापासून तासाभराच्या अंतरावर.

आणि ब्लेनच्या वीसेक मैल दक्षिणेला बेलिंगहॅम. ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री तिथल्या गोऱ्या जमावाने लाकडाच्या गिरण्यांमधल्या हिंदी कामगारांना घराघरांतून ओढून काढलं. शेकडो जणांना नगरभवनाच्या तळघरात कोंबलं. काही दिवसांत गावात एकही हिंदी माणूस उरला नाही. त्यातले किती तरी उत्तरेला कॅनडात गेले. तिथे काय, तर तीनच दिवसांनी, ७ सप्टेंबरला, व्हँकूवरच्या चिनी आणि जपानी वस्त्यांवर जमाव चालून गेला. २०१८ साली बेलिंगहॅममध्ये लाल ग्रॅनाइटची एक कमान उभी केली, त्या घटनेची कबुली म्हणून. पांढऱ्या कमानीला बसगाड्या थांबतात. लाल कमानीपाशी मी गेलो तेव्हा एक बाई कुत्र्याला पाणी पाजत होती, बाकी कुणी नाही.

आता मराठी धागा. या सगळ्या घुसमटीतून याच किनाऱ्यावर १९१३ ला गदर, म्हणजे इंग्रजांविरुद्ध बंड पुकारणारा पक्ष, उभा राहिला. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे सिॲटलच्या विद्यापीठात शिकायला आले होते. १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला फाशी गेले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच राज्यात पुलमनला शेतकी शिकले. सिॲटलच्या मंडळात गणपतीला आपण ढोल बडवतो, पण पिंगळे इथे होते हे दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. मलाही इथे आल्यावर सहा वर्षांनी कळलं, तेव्हा मी त्या नऊतलाच.

नागपुरी_तडका

हे वाचून काटा आला भाऊ. पिंगळेंवर वेगळा धागा काढा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

बे_एरियातून_पळालेली

सॉरी, इतक्या गंभीर प्रतिसादानंतर विचारतेय. माझा एच-१बी (नोकरीचा विसा) चा शिक्का संपलाय, पण आय-७९७ (मंजुरीचा कागद) आणि आय-९४ (प्रवेशाची नोंद) चालू आहेत. दोन दिवस व्हँकूवरला गेले तर परत येता येईल का? कॅनडाचा विसा आहे.

मैलाचा_दगड

त्याला ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन म्हणतात. फक्त कॅनडा किंवा मेक्सिको, ३० दिवसांच्या आत परत, आय-९४ चालू असला पाहिजे आणि तो जाताना जमा करायचा नाही. सगळ्यात महत्त्वाचं, तिकडे असताना नवीन विसासाठी अर्ज केलात तर ही सवलत गेली. मी दोनदा आलोय असा. पण मी वकील नाही, रस्तेवाला आहे. निघायच्या आधी वकिलाला विचारा आणि नियमाची प्रिंट जवळ ठेवा.

चिंचगुळाची_आमटी

आणि नेक्ससच्या, म्हणजे आधीच तपासणी करून कार्ड दिलेल्यांच्या, रांगेत चुकूनसुद्धा घुसू नकोस. गाडीतल्या *प्रत्येकाकडे* कार्ड लागतं, तान्ह्या बाळाकडेही. ते फक्त नागरिक आणि ग्रीनकार्ड किंवा पीआरवाल्यांना मिळतं. ऑक्टोबर २०२४ पासून फी ५० डॉलरवरून १२० केलीय, पाच वर्षांसाठी. मुलांना फुकट. आम्ही काढलं, पण सासूबाई बरोबर असल्या की सगळे परत साध्या रांगेत. त्यांना वाटतं नेक्सस म्हणजे काहीतरी स्कीम होती आणि आपण फसलो.

टवाळ_कार्टं

अवांतर: ब्लेनच्या पश्चिमेला पॉइंट रॉबर्ट्स म्हणून एक तुकडा आहे. १८४६ ला ४९ वा अक्षांश ही सीमा ठरली आणि नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली. रेघेखाली कॅनडाच्या भूशिराचं टोक आलं ते अमेरिकेचं झालं. जमिनीने जायचं तर कॅनडातूनच. मोठ्या मुलांची शाळा ब्लेनला. म्हणजे पोरं रोज चारदा सीमा ओलांडतात. 'गृहपाठ कस्टमनं काढून घेतला' ही सबब चालत असेल का?

इतिहासवेल्हाळ

@टवाळ, रेघेचा आणखी एक नमुना ५४३ च्या पूर्वेलाच आहे. कॅनडाच्या बाजूला झिरो ॲव्हेन्यू नावाचा रस्ता सीमेला चिकटून मैलोन्मैल जातो. मध्ये फक्त गवत आणि चर. पलीकडे अमेरिकेतल्या घराच्या वाळत घातलेल्या चादरी दिसतात.

सरेकर

झिरो ॲव्हेन्यूवरून आठवलं. मार्च २०२० ला सीमा बंद झाली. पुढे पीस आर्चच्या उद्यानाचा कॅनडाचा भाग बंद केला, अमेरिकेचा चालू होता. मग इकडची माणसं झिरो ॲव्हेन्यूवर गाड्या लावून चर ओलांडून उद्यानात जायची आणि तिकडून त्यांची माणसं यायची. तंबू ठोकून बसायची, लग्नंसुद्धा लागली. आमच्या ऑफिसातल्या पोरीचा नवरा सिॲटलला. ती दर रविवारी कुकरसकट जायची.

त्या काळात कमानीपाशी शुकशुकाट होता. ५४३ मात्र एक दिवस बंद नव्हता. मी ऑफिसात एकटा, आणि गाड्या रोजच्या रोज. कॅनडाने सीमा उघडली ऑगस्ट २०२१ ला आणि अमेरिकेने जमिनीवरची उघडली ८ नोव्हेंबरला. आता रांगा लागणार म्हणून आम्ही तयारीत.

आणि एक आठवडा गेला नाही तर पाऊस. १४-१५ नोव्हेंबर. असा पाऊस मी कोल्हापूरला २०१९ ला बघितला होता, नंतर तोच. नूकसॅक नदी फुटली, सुमास आणि ॲबॉट्सफर्ड पाण्यात, सुमासचा नाका बंद. डोंगरातून पूर्वेला जाणारे सगळे हायवे तुटले. व्हँकूवरहून उरलेल्या कॅनडाला ट्रक जायला रस्ताच उरला नाही. विचार करा, मुंबईतून पुण्याला जायला दोन्ही घाट बंद.

मग एकच वाट. व्हँकूवरचा माल ५४३ वरून अमेरिकेत, वॉशिंग्टन, आयडाहो, माँटाना करत परत वर कॅल्गरीला. कॅनडातून कॅनडात जायला अमेरिका. त्याचे कागद वेगळे, बॉन्डमध्ये (माल मध्ये कुठे न उतरवता) न्यायचं, आणि आमच्या निम्म्या ड्रायव्हरांना ते कधी करावंच लागलं नव्हतं. मी अकरा दिवस ऑफिसातच झोपलो. टेबलाखाली गादी, वर दोन फोन. एका ड्रायव्हरच्या आईनं साजुक तुपातल्या पिन्न्यांचा (पंजाबी लाडवांचा) डबा पाठवला होता, त्यावर दिवस काढले.

पुढे फेब्रुवारी २०२२ ला ट्रकवाल्यांच्या लसीवरून आंदोलन झालं, तेव्हा मात्र आमच्या बाजूचा हायवे १५ अडवला. पूर आला, साथ आली, तेव्हा चालू राहिलेला नाका माणसांनी बंद केला. तेव्हा मी कुणाची बाजू घेत होतो ते लिहीत नाही, धागा जाईल.

ठाणेकर_मूळचा

वाचताना चहा गार झाला. आता सध्या काय परिस्थिती?

सरेकर

२०२५ पासून टॅरिफ आणि 'कॅनडा अमेरिकेचं ५१ वं राज्य' वगैरे बडबडीनंतर कॅनडातली माणसं तिकडे जाणं टाळायला लागली. पूर्वी शनिवारी सरेतले लोक ब्लेनला जाऊन टाकी भरायचे, दूध-चीज आणायचे, आणि पार्सलांच्या दुकानातून खोकी उचलायचे. अमेरिकेतला पत्ता भाड्यानं मिळतो ना तिथे. आता ती रांग विरळ झालीय. ट्रक मात्र जातातच. फक्त कुठल्या मालाला काय ड्यूटी हे आठवड्याला बदलायचं, आणि ब्रोकरचा तो रात्रपाळीचा माणूस आता पहिल्या रिंगला फोन उचलतो. भीतीनं.

मैलाचा_दगड

धाग्याचं सोनं केलंत.

काल मुद्दाम परत गेलो. एच स्ट्रीटला गाडी लावली आणि कोपऱ्यावर उभा राहून ट्रक मोजायला लागलो. तिसाव्यानंतर कंटाळलो. पार्सलच्या दुकानातल्या माणसाला विचारलं, गिऱ्हाईक कमी झालं का, तर त्याने मागच्या रिकाम्या मांडणीकडे नुसती मान वळवली. पीस आर्चलाही गेलो. तिथे कुणाच्या तरी लग्नाचे फोटो चालले होते. आय-५ वरच्या पाटीवर दोन्ही नाक्यांची मिनिटं दाखवतात. रस्त्यात तारांची कडी पुरलेली असतात, गाडी वरून गेली की मोजतात, त्यावरून हिशेब. काल पीस आर्च १० आणि ट्रक क्रॉसिंग ५. अर्थात ही फक्त गाड्यांची वेळ. ट्रकांची रांग मागे कुठपर्यंत होती ते मी पाहिलं.

@सरेकर, पुढच्या शनिवारी तुमच्या बाजूला येतोय. चहाला भेटू या का?

सरेकर

या की. पण दुपारी दोनच्या आत या, नंतर मला पोर्टलंडच्या तीन गाड्या सोडायच्या आहेत. मिसळ करतो. कढीपत्ता माझ्याही दारात आहे, आमटीताईंना सांगा, पण तो इथेच फोडणीत घालून खायचा.

चिंचगुळाची_आमटी

फडकं घेऊन येतेय, रिकामंच.